स्टेशनबाहेरचं सायकल पार्किंग रिकामं का पडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: उपनगरी रेल्वेच्या एका स्टेशनाबाहेर दोनशे सायकलींसाठी पार्किंग बांधलं. सहा महिने उलटले तरी तिथे वीस-पंचवीसच्या वर सायकली दिसत नाहीत. एक गट म्हणतो, मागणीच नव्हती. दुसरा म्हणतो, गाडीतच सायकल चढवू द्या. तिसरा म्हणतो, हे सगळं सोडा आणि फीडर बस, म्हणजे वस्तीतून स्टेशनपर्यंत ने-आण करणारी बस, सुरू करा. यातलं बरोबर कोण?

तिघांचंही थोडं थोडं चुकतंय असं मला वाटतं, कारण तिघांनी पार्किंग पाहिलं, पण प्रवास पाहिला नाही. स्टेशनवर सायकलने येणारा माणूस आधी रेल्वेचा प्रवासी असतो. त्याचं सगळं लक्ष ८:१२ च्या गाडीवर असतं. सायकल लावल्यामुळे ती गाडी चुकायची शक्यता किंचितही वाढली, तर तो दुसऱ्या दिवशी सायकल काढत नाही.

आधी हे सगळं करण्याजोगं आहे का, याचा हिशेब बघू. चालण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर आणि आरामात चालवलेल्या सायकलीचा १५ धरा. दहा मिनिटांत चालणारा सुमारे ८०० मीटर जातो, सायकलवाला अडीच किलोमीटर. वेग तिप्पट झाला की स्टेशनच्या आवाक्यात येणारं क्षेत्र नऊपट होतं: सुमारे २ चौरस किलोमीटरवरून जवळजवळ २० चौरस किलोमीटर. रस्ते सरळ नसतात, हे खरं. पण वळणं दोघांनाही लागतात, त्यामुळे नऊपटीचं प्रमाण फारसं बदलत नाही. नवा रूळ न टाकता, नवी गाडी न घेता स्टेशनचं क्षेत्र इतकं वाढवणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. नेदरलँड्समध्ये रेल्वेच्या प्रवाशांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक घराकडच्या बाजूला स्टेशनपर्यंत सायकलने येतात, त्यामागे हेच गणित आहे.

आता फीडर बस. तीन किलोमीटर अंतरासाठी सायकलला १२ मिनिटं लागतात, लावायला आणि फलाटावर पोचायला आणखी ४. बसला थांब्यापर्यंत चालणं ४ मिनिटं, प्रवास १२ मिनिटं, आणि मधे वाट पाहणं. सगळा खेळ त्या वाट पाहण्यात आहे. दर दहा मिनिटांनी बस असेल तर सरासरी वाट ५ मिनिटं, असं कागदावर लिहितात. पण दोन बस एकामागोमाग आल्या, म्हणजे एका अंतरात १८ मिनिटं आणि पुढच्यात २, तर फेऱ्या तेवढ्याच राहूनही सरासरी वाट ८.२ मिनिटं होते. कारण थांब्यावर येणाऱ्या दहांतले नऊ जण त्या लांब अंतरातच येतात. म्हणून फीडर बस आणायचीच असेल तर गल्लीबोळांतून फिरणारे सहा मार्ग आखून प्रत्येकी चाळीस मिनिटांनी बस सोडण्यापेक्षा दोन सरळ मार्ग घ्या आणि त्यांच्यावर दर दहा मिनिटांनी नेमाने बस द्या. थांबे साधारण ४०० मीटरवर ठेवा. पाऊस, म्हातारपण, लहान मूल, अपंगत्व, पाच किलोमीटरपलीकडचं घर, या सगळ्यांसाठी बस लागणारच. सायकलमुळे बसची गरज संपते असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. ज्यांना सायकल जमते ते बसमधून उतरले की बसमध्ये गरजूंना जागा होते, एवढंच म्हणता येतं आणि तेही पुष्कळ आहे.

तेव्हा आधी ते रिकामं पार्किंग तपासा. यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही. आठवड्याच्या मधल्या एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास स्टेशनभोवती ३०० मीटरपर्यंत फिरा आणि रेलिंग, दिव्याचे खांब, झाडं, जिन्याचे कठडे यांना बांधलेल्या सायकली मोजा. पार्किंगमध्ये पंचवीस आणि कठड्यांवर साठ निघाल्या, तर मागणी आहे, पार्किंगची जागा चुकली आहे. कुठे बांधल्यात तेही नकाशावर टिपा. त्या ठिपक्यांवरून पार्किंग कुठे हवं होतं हे आपोआप कळतं. बहुतेक वेळा ते ठिपके प्रवेशद्वाराच्या पन्नास मीटरच्या आत दाटलेले असतात.

अंतराच्या बाबतीत सायकलवाला मोटारवाल्यापेक्षा कितीतरी जास्त काटेकोर असतो. त्याचा एकूण प्रवासच दहा-बारा मिनिटांचा असतो, त्यात तीन मिनिटं चालायची वेळ आली तर सायकल काढण्याचा फायदाच संपतो. पार्किंगच्या दारापासून फलाटाच्या प्रवेशापर्यंत ५० मीटर असेल तर लोक कुरकुर करत नाहीत, १५० मीटर झालं की कठडे शोधू लागतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रुळांच्या एकाच बाजूला पार्किंग. पलीकडच्या वस्तीतल्या माणसाला सायकल हातात धरून पादचारी पूल ओलांडावा लागतो किंवा लांबच्या भुयारी मार्गाने फिरून यावं लागतं. दोनशेची एकच जागा करण्यापेक्षा दोन्ही बाजूंना शंभर-शंभर केल्या असत्या तर चित्र वेगळं दिसलं असतं. जिन्यावरून सायकल न्यावीच लागत असेल तर कडेने चाकासाठी पन्हळ बसवतात. पण ती भिंतीला चिकटवून बसवली की पेडल आणि हँडल भिंतीला घासतं, आणि मग ती कोणी वापरत नाही. पन्हळ भिंतीपासून वीसेक सेंटिमीटर तरी बाहेर हवी.

आता खुद्द स्टँडकडे बघा. ज्या पार्किंगमध्ये पुढचं चाक घालायच्या नुसत्या खाचा असतात, तिथे काय घडतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. माणूस ८:०५ ला आत येतो. चाक खाचेत घालतो. कुलपाची कडी फ्रेमपर्यंत पोचत नाही, म्हणून ती फक्त पुढच्या चाकातून ओवतो. दोन सायकलींमध्ये जेमतेम ४० सेंटिमीटर जागा, त्यामुळे हँडल शेजारच्या सायकलच्या ब्रेकच्या तारेत अडकतं. ते सोडवताना शेजारची सायकल कलते, तिचं सगळं वजन खाचेत अडकलेल्या रिमवर येतं आणि स्पोक वाकतात. संध्याकाळी त्या शेजाऱ्याला चाक डुगडुगताना दिसतं. आणि ज्याने फक्त पुढचं चाक बांधलं त्याचं चाक झटपट सुटणाऱ्या दांडीचं असेल, तर चोर ते चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल घेऊन जातो. असे दोन प्रसंग घडले की त्या पार्किंगची कीर्ती पसरते आणि पुढची कित्येक वर्षं पुसली जात नाही.

याला साधा, जुना आणि अजूनही सर्वांत चांगला पर्याय म्हणजे जमिनीत घट्ट रोवलेली, उलट्या यू आकाराची लोखंडी नळी. उंची सुमारे ७५ सेंटिमीटर, लांबी ७० सेंटिमीटर ते १ मीटर, नळीचा व्यास ५ सेंटिमीटरच्या आसपास. दोन स्टँडमध्ये १ मीटर अंतर ठेवा, ८० सेंटिमीटरच्या खाली तर कधीच जाऊ नका, नाहीतर दोन सायकलींचं स्टँड एकीपुरतंच उरतं. फ्रेम आणि एक चाक दोन्ही एकाच कुलपात येतात, सायकल पडत नाही. नळी बोल्टने फरशीवर बसवू नका, पाना घेऊन आलेल्याला ती उचलता येते. काँक्रीटमध्येच गाडा.

जागा कमी असेल तर दुमजली रॅक लावतात. ते चांगले आहेत, पण तीन अटींवर. छत सुमारे पावणेतीन मीटर उंच हवं. मधली वाट अडीच मीटर किंवा जास्त हवी, कारण वरचा सरकता ट्रे बाहेर ओढून खाली टेकवावा लागतो. आणि ट्रे उचलायला स्प्रिंगची मदत हवी. ही स्प्रिंग कालांतराने ढिली पडते, मग वरचा मजला फक्त धडधाकट तरुण वापरतात, खाली गर्दी होते आणि वर जागा पडून राहते. बॅटरीची सायकल वीस-पंचवीस किलोची असते, ती वर चढवायची अपेक्षाच ठेवू नका. अशा सायकली, मुलांची सीट लावलेल्या, मालवाहू, तीनचाकी यांच्यासाठी एकूण जागेच्या निदान ५ टक्के जागा जमिनीवर मोकळी आणि रुंद ठेवा.

टोकियोतल्या कासाई स्टेशनजवळ जमिनीखाली यंत्राने सायकली उचलून ठेवणारं पार्किंग आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात स्टेशनांभोवती सायकलींचा इतका खच पडला होता की १९८० मध्ये सायकल पार्किंगसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जागा मुठीएवढी आणि सायकली हजारो, तिथे यंत्र शोभतं. पण तुमच्यासारख्या ठिकाणी ते घेण्याआधी संध्याकाळचा हिशेब करा: एका सायकलला १५ सेकंद धरले तर एका यंत्रातून मिनिटाला चार सायकली बाहेर येतात. एका गाडीतून चाळीस सायकलवाले उतरले तर शेवटचा दहा मिनिटं उभा. तेवढ्यात तो चालत घरी जायचा विचार करू लागतो.

शुल्काबद्दल नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचं उदाहरण घ्या. तिथल्या मुख्य स्टेशनाखालचं १२,५०० सायकलींचं पार्किंग २०१९ मध्ये पूर्ण झालं. त्यात सायकल चालवतच आत जाता येतं, कोणत्या ओळीत किती जागा मोकळ्या आहेत ते पाट्यांवर दिसतं आणि तिथून थेट फलाटांकडे जिने जातात. पहिले २४ तास फुकट, पुढे पैसे. हा नियम फार विचारपूर्वक केलेला आहे. रोजच्या प्रवाशावर भार पडत नाही, आणि महिनोन् महिने सायकल टाकून देणाऱ्याला मात्र ती न्यावीशी वाटते. बेवारस सायकली हे प्रत्येक यशस्वी पार्किंगचं दुखणं आहे. साध्या पार्किंगमध्ये यावर उपाय असा: मागच्या चाकाच्या स्पोकमधून आणि फ्रेमच्या नळीभोवती तारीख लिहिलेली कागदी पट्टी गुंडाळायची. सायकल हलली की पट्टी तुटते. तीन-चार आठवड्यांनी पट्टी शाबूत दिसली तर सायकल उचलून गोदामात ठेवायची, ठरावीक मुदतीनंतर विल्हेवाट लावायची. हे काम ठरल्या दिवशी करणारा माणूस नेमलेला नसेल तर दोन वर्षांत पाचातला एक स्टँड गंजलेल्या सांगाड्यांनी अडलेला दिसेल.

पार्किंग उत्तम असूनही रिकामं असेल तर दोष रस्त्यात शोधा, आणि तोही स्टेशनजवळच्या शेवटच्या ३०० मीटरमध्ये. वस्तीतला रस्ता शांत असतो, मग स्टेशनचा चौक येतो: टॅक्सी, बस, माणसं सोडायला आलेल्या मोटारी, सगळे घाईत. तिथेच नेमका सायकल मार्ग संपतो. आखणी करणाऱ्याने नकाशावर सोपे तुकडे हिरवे रंगवले आणि अवघड चौक सोडून दिला. पण माणूस सायकलने यायचं की नाही हे सर्वांत भीतीदायक पन्नास मीटरवरून ठरवतो. उरलेले अडीच किलोमीटर कितीही सुंदर असले तरी त्याचा उपयोग नाही.

वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटर असेल आणि रहदारी बेताची असेल तर सायकल आणि मोटार एका रस्त्यावर चालू शकतात. ताशी ५० असेल तिथे वेगळा मार्ग हवा, आणि वेगळा म्हणजे उंचवट्याने वेगळा. रंगाचा पट्टा मोटारीला थांबवत नाही, उलट थोड्याच दिवसांत तो फुकटचा वाहनतळ होतो. एका दिशेच्या मार्गाची रुंदी २ मीटर ठेवा. दीड मीटरमध्ये एकाला दुसऱ्याच्या पुढे जाता येत नाही, आणि गाडी पकडायच्या घाईत पुढे जायचं असतंच. दोन्ही दिशांचा मार्ग असेल तर ३ ते ४ मीटर. शेजारी उभ्या मोटारींची रांग असेल तर दार उघडण्याएवढी, निदान अर्धा मीटर पट्टी मधे सोडा. चढ ५ टक्क्यांचा असेल तर सलग ३० मीटरपेक्षा लांब नको, नाहीतर लोक उतरून ढकलतात. चौकात सायकलची ओलांडणी मोटारींच्या वळणापासून पाचेक मीटर आत घ्या आणि कोपऱ्यावर छोटं बेट बांधा. त्यामुळे मोटार वळून झाल्यावर, जवळजवळ काटकोनात, सायकलवाला तिच्या चालकाच्या समोर येतो. हीच ओलांडणी रस्त्याला चिकटून ठेवली की ट्रकचालकाला तो आरशातही दिसत नाही.

ट्राम किंवा मालगाडीचे रूळ रस्त्यातून जात असतील तर सायकल मार्ग त्यांना ६० अंशांपेक्षा कमी कोनात कधीही ओलांडू देऊ नका. रुळाशेजारची खाच साधारण चार सेंटिमीटरची, बहुतेक टायर त्याच मापाचे किंवा त्याहून बारीक. तिरकस गेलेलं चाक आत बसतं आणि माणूस तोंडावर आपटतो. गटाराच्या जाळीच्या पट्ट्याही प्रवासाच्या दिशेला आडव्या बसवाव्यात. बारीक गोष्ट आहे, पण दात पाडणारी आहे.

बस आणि सायकल यांची गाठ थांब्यावर पडते. बस कडेला आली की सायकलवाला तिच्या मागे अडकतो किंवा रहदारीत शिरतो. थांब्याचा फलाट बेटासारखा करून सायकल मार्ग त्याच्या मागून न्यायचा, हा उपाय बहुतेक ठिकाणी चालतो. मात्र बेट अडीच मीटर तरी रुंद हवं. ओलांडायची जागा उंच करून सायकलींचा वेग तिथे कमी करायला हवा, कारण दृष्टिहीन प्रवाशाला सायकलचा आवाज येत नाही.

एकेक तुकडा सुटा बांधून काही होत नाही, हे स्पेनमधल्या सेव्हिल्या शहराने दाखवलं. २००७ च्या सुमारास तिथे सुमारे ८० किलोमीटरचं एकमेकांना जोडलेलं जाळं जवळजवळ एकदमच उघडलं आणि नगण्य असलेला सायकलींचा वापर काही वर्षांत कित्येक पटींनी वाढला. याची दुसरी बाजू इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजमध्ये दिसते. अभियंता एरिक क्लॅक्स्टन यांनी त्या नव्या शहरात रुंद, भुयारी ओलांडण्यांसह वेगळे सायकल मार्ग बांधले. बांधकाम उत्कृष्ट होतं. पण मोटारीसाठीचे रस्ते आणि पार्किंगही तितकंच सोयीचं होतं, म्हणून लोक मोटारीनेच फिरत राहिले. तुमच्या स्टेशनच्या दाराशी मोटारींना फुकट जागा असेल आणि सायकली मागच्या बाजूला असतील, तर उत्तर तिथेच आहे. एका मोटारीला येण्याजाण्याच्या वाटेसह साधारण २५ चौरस मीटर लागतात. तेवढ्यात वाटेसह दहा-बारा सायकली बसतात. दारालगतच्या दहा मोटारींच्या जागेत शंभर प्रवाशांची सोय होते.

राहता राहिली गाडीत सायकल नेण्याची मागणी. मागणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे, पण गर्दीच्या वेळी उपनगरी गाडीत याला मी ठाम विरोध करतो. सायकल साधारण १.८ मीटर लांब आणि हँडलशी ६० सेंटिमीटर रुंद, म्हणजे चौरस मीटरभर जागा. गच्च भरलेल्या डब्यात तेवढ्यात चार-पाच माणसं उभी राहतात. त्याहून मोठं नुकसान थांब्याच्या वेळेचं होतं. दर तीन मिनिटांनी गाडी असलेल्या मार्गावर ३० सेकंदांचा थांबा ५० चा झाला की मागची गाडी सिग्नलला उभी राहते, तिच्या मागची तिच्यामुळे. हजारो लोकांचा वेळ पंधरा-वीस सायकलींसाठी जातो. सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे धावणाऱ्या कॅल्ट्रेनने सायकलींसाठी डबे राखले, तरी ते भरले की सायकलवाल्यांना फलाटावर मागे राहावं लागतं. गाडी पकडता येईल की नाही याची रोजची धाकधूक असेल तर ती सोय रोजच्या कामाला उपयोगी नाही.

गर्दी नसलेल्या वेळी, उलट्या दिशेच्या गाडीत आणि लांब पल्ल्याला आरक्षणासह सायकल जरूर न्यावी. कोपनहेगनच्या उपनगरी गाड्यांत २०१० पासून सायकल फुकट नेता येते आणि त्यासाठी डब्यात वेगळी मोठी जागा आहे. तरीही सर्वांत गजबजलेल्या नॉरेपोर्ट स्टेशनवर गर्दीच्या तासांत सायकल घेऊन चढता-उतरता येत नाही. हा समतोल मला योग्य वाटतो. घडीची सायकल मात्र घडी केलेली असेल तर सामान समजून केव्हाही जाऊ द्यावी.

पलीकडच्या स्टेशनवर उतरल्यावर काय, हा मूळ प्रश्न उरतो. त्याला भाड्याची सायकल हे उत्तर. डच रेल्वेच्या स्टेशनांवर २००३ पासून ओव्ही-फीट्स मिळते: एकच साधं, मजबूत मॉडेल, प्रवासाच्याच कार्डावर, दिवसाच्या भाड्याने, आणि घेतली त्याच स्टेशनवर परत. शेवटच्या अटीमुळे लोक नाक मुरडतात, पण व्यवस्था टिकली ती त्यामुळेच. कुठेही सोडता येणाऱ्या सायकली सकाळी एका टोकाला साचतात, दुसरीकडे एकही नसते, आणि त्या उचलून आणणाऱ्या ट्रकचा खर्च योजनेला खाऊन टाकतो. दिवसभरासाठी घेतलेली सायकल प्रवाशाबरोबर कामावर जाते आणि त्याच्याबरोबरच स्टेशनवर परत येते.

काम सुरू करण्याआधी एक कागद तयार करून घ्या. स्टेशनची जमीन रेल्वेची, रस्ता नगरपालिकेचा, बस तिसऱ्याच संस्थेची असते. दिवा गेला तर कोण बदलणार, झाडणार कोण, बेवारस सायकली उचलायचा अधिकार कुणाला, शेवटच्या गाडीनंतर अर्धा तास दार उघडं कोण ठेवणार, हे नावांनिशी आणि वार्षिक तरतुदीसह लिहिलेलं असावं. बांधकामाचा निधी सहज मिळतो, झाडूचा मिळत नाही.

मग क्रम असा ठेवा. आधी मोजणी आणि ठिपक्यांचा नकाशा. त्यानंतर दोन्ही प्रवेशद्वारांशी पन्नास मीटरच्या आत वीस-वीस नळ्या, म्हणजे दोन्हीकडे चाळीस-चाळीस सायकली, छप्पर आणि उजेडासह. मग चौक. दर तीन महिन्यांनी त्याच वेळी, त्याच दिवशी पुन्हा मोजा आणि एक पावसाळी दिवसही मोजा. सकाळी अकराला ८० टक्के जागा भरलेल्या दिसल्या की शंभर टक्क्यांची वाट न पाहता पुढच्या नळ्या गाडायला घ्या, कारण सकाळच्या उशिराच्या गाड्या पकडणाऱ्यांना तोवर जागा शोधत फिरावं लागू लागलेलं असतं.